लाखांदुरी निर्मत्स्य मांजर : उगम, स्वभाव आणि निगा

कोणत्याही दुर्मिळ जातीचा उगम शोधत मागे गेले, की शेवटी एक असा माणूस सापडतो ज्याने एकदाच पाहिले आणि लगेच घरी जाऊन सांगितले. लाखांदुरी निर्मत्स्य मांजराच्या बाबतीत हा माणूस म्हणजे धानाचे व्यापारी भोजराजजी. त्यांनी पाहिले तो १९७६ सालच्या जानेवारीतला आठवडी बाजाराचा दिवस होता.

भोजराजजी त्या दिवशी मासळीच्या ओळीतून चालले होते. (त्यांच्या घरी मासळी वर्ज्य होती. पण देवळाकडे जायचा एक रस्ता त्या ओळीतून जातो. तो थोडा लांबचा आहे, एवढेच.) ओळीच्या टोकाला बायाबाई बसली होती. तलावाच्या पाळीखाली, म्हणजे बांधाखाली, ढिवरांचा टोला ही मासेमारांची वस्ती आहे, तिथली ती. नवरा मुरारी पहाटे जाळे ओढायचा आणि ती दिवसभर विकायची. तिच्या टोपलीत मरळ होती, आणि टोपलीला टेकून तिची भुरी मांजर झोपली होती. मरळीची शेपटी मांजरीच्या नाकापासून चार बोटांवर. भोजराजजींच्या देखत मांजरीने एक डोळा उघडला, मरळ पाहिली आणि डोळा मिटून घेतला.

"हे मांजर मासोळी खात नाई का वो बाई?" भोजराजजींनी विचारले.

"दिसते तं नाई खात," बायाबाई म्हणाली. तिच्यापुढे दुसरे गिऱ्हाईक उभे होते.

पुढची सात वर्षे या दोन वाक्यांवर उभी आहेत.

मी प्राणिशास्त्राची पदवी घेतली असून लाखांदूरच्या शाळेत विज्ञान शिकवत असे, म्हणून वस्तुस्थिती नोंदवून ठेवते. मुरारी पहाटे पाळीवर जाळे झटकतो. जाळ्यातून झिंगे आणि बोटभर मासोळ्या खाली पडतात. भुरी त्या खाते. मी तीन सकाळी पाळीवर जाऊन मोजले. सरासरी सव्वापाव. नऊ वाजता ती बाजारात येते तेव्हा तिचे पोट नगाऱ्यासारखे असते आणि तिला जगात फक्त झोप हवी असते. भरल्या पोटी स्वस्थ पडून राहणाऱ्याला संयमी म्हणायची रीत माणसांत फार जुनी आहे. ती मांजरांना लावण्यात काही अन्याय नाही.

आता या परिसरातल्या एका रिवाजाबद्दल सांगणे भाग आहे, कारण त्याशिवाय पुढचे समजणार नाही.

लाखांदुरात मासळी न खाणारी बरीच घरे होती. त्यांपैकी अकरा घरी बायाबाई आठवड्यातून दोनदा मागच्या दाराने जात असे. मासळी मांजरीसाठी लागे. तसे आपसूक ठरलेले होते. दारात कोणी मासळीचे नाव काढत नसे. "मांजरीचं आनलं का वो?" असे विचारले जाई, बायाबाई "आनलं" म्हणे आणि झाकणाचा डबा आत जाई. मी भोजराजजींच्या घरामागच्या दोन खोल्यांत भाड्याने राहत असल्यामुळे मागच्या दाराचा अभ्यास वेगळा करावा लागला नाही. भोजराजजींच्या पत्नी चंद्रकांताबाई मांजरीच्या बाबतीत फार हळव्या होत्या. मांजरीला मरळ ताजी लागे, बिनकाट्याचा भाग लागे, आणि तिखट लाखनीचे नको, पवनीकडचेच हवे असे.

अकरा घरांत मिळून आठवड्याला तेहतीस किलो मासळी जात होती. मांजरे नऊ होती. म्हणजे दर मांजरी रोज अर्ध्या किलोहून थोडे अधिक. एवढ्या आहारावर मांजर दहा किलोचे व्हायला हवे. भोजराजजींची मांजर मी त्यांच्याच धानाच्या काट्यावर ठेवून पाहिली. अडीच किलो भरली. (उरलेल्या दोन घरांत मांजरच नव्हते. त्यांतले एक पोस्टमास्तरांचे. दुसऱ्या घराविषयी मला बरीच माहिती आहे, परंतु ती विषयाला धरून नाही.)

तर अशा गावात भोजराजजींनी बाजारातून येऊन सांगितले, की मासळी न खाणारे मांजर अस्तित्वात आहे, आणि तेही ढिवराच्या घरी.

परिणाम तत्काळ झाला. मासळी न खाणाऱ्या घरात मासळी खाणारे मांजर असावे, हे आतापर्यंत निसर्गाचे बंधन म्हणून चालून गेले होते. निसर्गाने बंधन काढून घेतल्यावर जुने मांजर ठेवणे म्हणजे मुद्दाम ठेवणे झाले असते. त्या उन्हाळ्यात भुरीला चार पिल्ले झाली आणि डोळे उघडायच्या आत चारही मागून ठेवली गेली. पहिले अर्थात भोजराजजींकडे गेले. लाखांदुरातल्या चांगल्या घरांत वर्षभरात दोनच प्रश्न विचारले जाऊ लागले : पोरीचे जमले का, आणि भुरीचे पिलू मिळाले का.

१९७८ मध्ये 'लाखांदूर परिसर निर्मत्स्य मार्जार संवर्धन समिती' स्थापन झाली. भोजराजजी अध्यक्ष. सचिव ताराचंदजी, जे महसूल खात्यातून निवृत्त झाले होते आणि ज्यांच्याकडे स्वतःचे शिक्क्याचे पॅड होते. शास्त्रीय सल्लागार मी, कारण बेडूक कापलेली व्यक्ती गावात दुसरी नव्हती. पहिल्याच सभेत मी पाळीवरच्या सव्वापावाची हकिकत सांगितली. ती इतिवृत्तात 'बाईंनी मौलिक विचार मांडले' अशी नोंदली गेली.

त्याच सभेत जातीची लक्षणे मंजूर झाली. ती मूळ कागदावरून उतरवते :

रंग भुरा. (काळा, पांढरा, पिवळा व मिश्र चालेल.)
डोळे हिरवे किंवा पिवळे, दृष्टी खाली.
शेपटी असावी.
आवाज मंजुळ, स्वयंपाकाच्या वेळी अधिक.
पिता : 'पाळीवरील काळा बोका, चौकशी चालू'.

शेवटचा रकाना ताराचंदजींनी स्वतः भरला. सरकारी सेवेत असताना एकही रकाना रिकामा सोडला नव्हता, तो आता का सोडावा, असे त्यांचे म्हणणे पडले.

उंदरांचा प्रश्न नाजूक होता. ही मांजरे मासळी खात नव्हती असे मानले तरी उंदीर सर्वांच्या देखत खात होती. दोन सभा यात गेल्या. अखेर असा ठराव झाला, की अध्यक्षांच्या गोदामातील उंदीर जन्मापासून केवळ धानावर वाढलेला असल्याने त्यास धानाचेच एक रूप मानावे. ठराव एकमताने संमत झाला. मी तटस्थ राहिले. ते एकमतात धरले गेले.

१९८१ अखेर भुरीला एकंदर एकवीस पिल्ले झाली होती. समितीच्या नोंदवहीत तिची पिल्ले म्हणून सहासष्ट मांजरांची नावे होती. शाळेतल्या गणिताच्या सरांनी याबद्दल विचारले, तेव्हा ताराचंदजींनी त्यांना शिक्क्यानिशी कळवले, की हा विषय विज्ञानाकडे आहे.

स्वभावाविषयी. लाखांदुरी निर्मत्स्य शांत, घरंदाज आणि विश्वासू असते. स्वतःच्या घरात ती मासळी खात नाही, कारण स्वतःच्या घरात तिला कोणी देत नाही. दुपारी एक ते तीन या वेळेत ती कुठे असते, याबद्दल मालकांत मतभेद आहेत. सहासष्टांपैकी एक्केचाळीस मांजरे इतरांच्या चुलीशी मासळी खाताना पाहिली गेली. यावर समितीचा खुलासा होता, की ते खाणे इतरांच्या घरी घडलेले असून त्या घरांनी आपले पाहावे. हा स्वभावविशेष मांजरीने घरातूनच उचलला असावा असे मला वाटते, पण नमुना लहान असल्यामुळे मी आग्रह धरत नाही.

या सगळ्या वैभवात बायाबाईचे काय झाले ते मी मागच्या खिडकीतून पाहिले.

"शेठीनबाई, मांजरीचं आनलं," ती नेहमीसारखी म्हणाली.

चंद्रकांताबाई दारात आल्या. पायाशी नोंदणी क्रमांक एकचे मांजर बसले होते. "आता कायचं मांजरीचं वो बाया? आमची मांजर तं निर्मत्स्य हाय. अध्यक्षाच्या घरची."

"हव, बराबर हाय." बायाबाईने डबा उचलला.

ती चार पावले गेल्यावर चंद्रकांताबाईंनी हळूच विचारले, "काय आनलं होतं?"

"मरळ. जित्ती."

चंद्रकांताबाईंनी डब्याच्या झाकणाकडे पाहिले.

"काहून सांगतं मंग मले!" असे म्हणून चंद्रकांताबाईंनी दार लावून घेतले. ते इतके जोरात लागले, की क्रमांक एक घाबरून माझ्या खोलीत आले.

अशी एकेक करून नऊ घरे बंद झाली. दोन चालू राहिली. ज्यांच्याकडे मांजर नव्हते ती.

उरलेली मासळी बाजारात खपत नव्हती. बाजारात घेणारे पावभर घेत. मरळ अख्खी घेणारी गिऱ्हाइके मागच्या दारांचीच होती. १९८२च्या जानेवारीत बायाबाई माझ्याकडे आली आणि उंबऱ्यावर बसली. आत ये म्हटले तरी आली नाही, अंगाला वास आहे म्हणाली.

"मास्तरीनबाई, तुमी शिकल्या-सवरल्या. लिवून द्या का भुरी मासोळी खाते."

"मी तीन-चार वर्षांपूर्वीच सांगितलं, बायाबाई. सभेत सांगितलं."

"सांगतलं. दाखवलं नाई." ती पदराशी चाळा करत होती. "होळी झाली का आमचा मालक नागपूरले चालला. भासऱ्यासंग, धनीरामभाऊसंग. सायकलरिक्षा ओढाले. पेटी आनली परवा, लोखंडाची. पान्यातला मानूस हाय तो. चाळीस वर्सं पान्यात गेली त्याची. त्याले सडकेवर चालता येत नाई धड, तो मानसं ओढन?"

मी विचारले, "मुरारीभाऊ काय म्हणतात?"

"काय म्हनतीन? पेटीले कुलूप पाह्यजे म्हनतेत."

विज्ञानात दाखवण्याला महत्त्व आहे हे तिचे म्हणणे मला खोडता आले नाही. फेब्रुवारीच्या दुसऱ्या रविवारी शाळेच्या प्रयोगशाळेत मी जाहीर प्रयोग ठेवला. भुरीला आदल्या दुपारपासून फक्त पाणी. सकाळी आठ वाजता समितीचे अकराही सदस्य बाकांवर हजर. टेबलावर एक मरळ, वजन सहाशे चाळीस ग्रॅम, माझ्या हातात घड्याळ.

भुरीने सभासदांकडे पाहिले नाही. शेपटीपासून सुरुवात करून डोक्यापर्यंत जायला तिला नऊ मिनिटे चाळीस सेकंद लागली. अर्ध्यावर ती एकदा थांबली, तेव्हा ताराचंदजी आशेने पुढे झुकले. पण ती कूस बदलत होती. इतिवृत्तात 'मांजरीने मासळीची पाहणी केली' असे आहे.

भोजराजजी उठून उभे राहिले. त्यांचा चेहरा खरोखर उतरला होता.

"मंडळी," ते म्हणाले, "निर्मत्स्य मांजर मासोळी खात नाई. हे मांजर खाते. म्हंजे हे मांजर निर्मत्स्य नाई. सरळ गोष्ट हाय."

तर्कशास्त्राच्या दृष्टीने यात मला चूक काढता आली नाही, आणि अजूनही येत नाही. भुरीला जातीतून वगळण्याचा ठराव तिथल्या तिथे झाला.

"अन् तिचे पिले?" बायाबाई दारातून म्हणाली. तिला बाक दिला नव्हता. "मायले काढलं, तं पोरायचं काय?"

"पोरं चांगल्या घरी गेली ना बाया," भोजराजजी मायेने म्हणाले. "त्यायच्यावर संस्कार झाले."

अशा रीतीने जगातल्या एका जातीची मूळ मादी त्या जातीबाहेर गेली आणि जात कायम राहिली. मांजरांत हे प्रथमच घडले असावे. समितीने त्याच सभेत जातीची माहितीपुस्तिका भंडाऱ्याला छापून घ्यायचे ठरवले. तिचे नाव 'उगम, स्वभाव आणि निगा'. उगम भोजराजजींनी लिहिला होता, स्वभाव ताराचंदजींनी. निगा माझ्याकडे आली.

शाळेच्या पायऱ्या उतरताना भुरी बायाबाईच्या खांद्यावर तोंड चाटत होती. मी म्हणाले, "मला वाईट वाटतं, बायाबाई. खरं दाखवूनही चाललं नाही."

"खऱ्याले काय करतेत हे लोकं!" ती थांबली. "मास्तरीनबाई, मी सांगतो तुमाले. ह्यायले मांजर कव्हाच नव्हती पाह्यजे. मासोळी पाह्यजे होती. पह्यले मांजर खाते म्हनून मासोळी घरात येत जाये. आता मांजर नाई खात म्हनून येत नाई."

"मग?"

"मंग तुमी असं लिवा ना, का मांजर नाई खात म्हनूनच घरात आली पाह्यजे."

"असं कसं लिहिता येईल?"

"ते शिकलेल्या मानसाचं काम हाय," बायाबाई म्हणाली. "खोटं नका लिवू. खरंच लिवा, जरासं वाकडं."

मी ते काम आठ दिवस केले. 'निगा' या प्रकरणातला तिसरा परिच्छेद इथे पूर्ण देते :

'ज्या व्रताची परीक्षा होत नाही ते व्रत टिकत नाही. निर्मत्स्य मांजरास मासळी कधीच दिसली नाही, तर तिचा संयम वापराअभावी क्षीण होतो व संस्थापक मांजरीप्रमाणे अचानक पतन होण्याचा संभव असतो. यास्तव आठवड्यातून दोनदा घरात ताजी मरळ आणावी. कच्च्या मासळीचा मोह मर्यादित असतो, सबब ती नीट शिजवावी. लसूण, धने व तिखट पुरेसे असावे, जेणेकरून वास मांजरापर्यंत पोहोचेल. पातेले मांजरासमोर एक मिनिट धरावे. नंतर ते लगेच उंचावर ठेवावे, म्हणजे मांजरीकडून नकार निश्चित होईल. परीक्षेनंतर उरलेला पदार्थ मांजरास देऊ नये. बाहेर टाकू नये, कारण तेथे इतर मांजरे असतात. त्याची घरातल्या घरात योग्य विल्हेवाट लावावी. परीक्षेच्या वेळी मांजर घरी नसल्यास परीक्षा थांबवू नये. ती तिच्या नावाने घ्यावी.'

मसुदा भोजराजजींच्या बैठकीत समितीपुढे वाचला गेला. तिसरा परिच्छेद संपल्यावर सभेने तो पुन्हा वाचायला लावला. ताराचंदजींनी डोळे पुसले. ते म्हणाले, की चाळीस वर्षांच्या नोकरीत इतके विचारपूर्वक लिहिलेले परिपत्रक त्यांच्या हाताखालून गेले नाही.

भोजराजजींनी एकच दुरुस्ती सुचवली. 'दोनदा' ऐवजी 'तीनदा'. आडून ऐकत असलेल्या चंद्रकांताबाईंनी पडद्यामागून विचारले, "झिंग्याची परीक्षा चालते का, विचारा ना त्यायले." झिंग्यांचा मोह वेगळ्या प्रकारचा असल्याने चालेल, असे मी शास्त्रीय सल्लागार या नात्याने सांगितले. तेही घातले.

दुसऱ्या दिवशी बायाबाई मागच्या दाराशी आली तेव्हा दार आधीच उघडे होते.

"परीक्षेचं आनलं का वो बाया?"

"आनलं, शेठीनबाई."

"कठीन हाय ना चांगली?"

"लय कठीन. जित्ती हाय."

होळीपर्यंत बंद पडलेली नऊ घरे पुन्हा सुरू झाली आणि पोळ्यापर्यंत एकूण घरे चौतीस झाली. मुरारीला एका जाळ्याने पुरेना, तेव्हा त्याचा थोरला भाऊ धनीरामही नागपूरला गेला नाही. लोखंडी पेटीला कुलूप आणायचे राहून गेले. तिच्यात भुरीने त्या वर्षी तीन पिल्ले घातली. तिन्ही मासळी खातात. त्यामुळे त्यांची कुठेच नोंद नाही आणि ती अजून पाळीवरच सुखाने आहेत.

नोंदणीकृत मांजरांच्या संयमाचे निकाल दर तिमाहीस समितीकडे येतात. उत्तीर्णांचे प्रमाण शंभर टक्के आहे. परीक्षार्थींचे वजन पूर्वीइतकेच, अडीच किलो. परीक्षकांचे मात्र वाढले आहे.

माहितीपुस्तिकेची मागणी आता जिल्हाभरातून होते. शहापूरच्या एका गृहस्थांनी लिहिले, की त्यांचे मांजर मागेच वारले, परंतु त्याच्या स्मरणार्थ परीक्षा सुरू ठेवायची कुटुंबाची इच्छा आहे. बपेऱ्याच्या एका सद्गृहस्थांनी विचारले, की मांजर न पाळता थेट परीक्षेपासून सुरुवात करता येईल का. दोघांनाही समितीने उत्तेजनपर उत्तर पाठवले.

ही माहिती मांजरांविषयी आहे आणि इथे संपते. वाचकांबाबत माझा अनुभव असा, की ते उगम आणि स्वभाव भराभर वाचतात आणि निगेचा तिसरा परिच्छेद परत मागे जाऊन वाचतात. आपणही जाणार असाल, तर लसूण किती ते त्यात दिलेले नाही. सात-आठ पाकळ्या पुरतात. मांजर आहे की नाही हे बायाबाई विचारत नाही. मागचे दार तेवढे उघडे ठेवावे, आणि डबा झाकणाचा द्यावा.